बारमधले शब्द

वैशाख लागला की आमच्या अंगणातल्या निंबाच्या फांदीला दोर बांधला जातो आणि घरातल्या सगळ्या पोरींना एकाएकी कामं सुचेनाशी होतात. यंदाही तसंच झालं. भावाची नात पुण्याहून आली, बॅग ओट्यावर टाकली आणि थेट झोक्यावर जाऊन बसली. उतरली तेव्हा हातात माझ्यासाठी आणलेली एक जाडजूड डायरी होती. मला म्हणाली, "आत्याआजी, तुम्ही आत्मचरित्र लिहा. तुमचं लग्न, ते सगळं. लिहिलं की मन मोकळं होतं. आता हे शास्त्र आहे."

मी डायरी हातात घेऊन वजन पाहिलं. आमच्याकडे एवढ्या वजनात पायलीभर ज्वारी येते. तिला म्हटलं, "बाई गं, हे औषध मी साठ वर्षांपूर्वी घेऊन बसलेय." ती चकित झाली. पुण्याच्या माणसांना आपल्याआधी कुणी काही केलेलं असलं की फार आश्चर्य वाटतं.

पण ते खरं होतं. ती आखाजी मला झोक्याचा दोर दिसला की आठवते. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आम्ही धुळ्याचे होतो, आणि नव्या राज्याला वर्ष होत आलं होतं. तेवढ्याच सुमारास मीही एक राज्य सोडून आले होते. संक्रांतीनंतर चार दिवसांसाठी म्हणून माहेरी आले आणि बसून राहिले.

आखाजी म्हणजे तुमची अक्षय्यतृतीया. आमच्या खानदेशात तिच्यापुढे दिवाळीसुद्धा पाटावर बसत नाही, खाली चटईवर बसते. सासुरवाशिणी माहेरी येतात. खापरावर हातभर पुरणपोळ्या होतात, त्या करताना माझी माय दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत मांडा पसरायची आणि तोंडाने सगळ्यांना शिव्या घालायची. आंब्याच्या रसाची पातेली ओसरीवर असायची, आणि माश्या आमच्याआधी पंगतीला बसायच्या. ऊन असं की कोंबड्या चोच उघडून भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. आणि या सगळ्यात पोरी झोक्यावर. फांदी कुरकुरायची, वरून निंबोळ्या पडायच्या, खाली उभ्या असलेल्या बाया आपापल्या सासवांच्या नकला करायच्या.

मी मात्र त्या वर्षी झोक्यावर बसले नाही. कारण वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं, "आखाजी झाली की पोरीला नांदायला धाडू." म्हणजे बाकीच्या पोरींचा तो सण होता आणि माझी ती मुदत होती.

आखाजीला आणखी एकाची मुदत संपते. सालदाराची. वर्षाच्या बोलीने शेतावर राहिलेल्या गड्याचं साल त्या दिवशी भरतं. आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, फार कमी बोलायचे. बैलांशी बोलायचे तेवढंच. पण आखाजीच्या सकाळी ते ओसरीवर यायचे, सालदारासमोर उभे राहायचे आणि एवढंच विचारायचे, "ऱ्हास का?" म्हणजे राहतोस का. तो म्हणायचा, "ऱ्हास." मग नाना त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे आणि पुढचं वर्ष पक्कं व्हायचं. नाही म्हणाला तरी गूळ मिळायचाच. मी लहानपणापासून हे पाहत आले होते. त्या वर्षी मात्र ओसरीच्या खांबाआडून पाहताना माझ्या मनात आलं, सालदाराला विचारतात. मला कुणी विचारलं का?

आता सासरचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी उगाच रुसले होते. सासर लांब नव्हतं. गोमाई नदीच्या पल्याड. वैशाखात नदीत गुडघाभर पाण्याची एक चिंधी उरायची, बाकी सगळी वाळू. माझ्या माहेरच्या काठावर उभं राहिलं की सासरच्या चुलीचा धूर दिसायचा. मी सातवीची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाले होते. आमच्या गावात तेव्हा ही मोठी गोष्ट होती, आणि सासरी हीच मोठी अडचण होती. कारण नवरदेव त्याच परीक्षेत तीनदा आडवे झाले होते. लग्नात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण सगळ्यांना वाटलं, हळूहळू बायको विसरेल. शिकलेलं विसरायला लावायचे त्यांचे बरेच उपाय होते. सासूबाईंचा उपाय कुलुपाचा. ताकाच्या डेऱ्याची वेगळी खोली होती आणि त्या खोलीला कुलूप होतं. तहानलेली सून दोन चमचे ताक जास्त प्यायली तर घराचा पाया खचेल, अशी त्यांची समजूत होती.

नवऱ्याचा उपाय वेगळा होता. एकदा सासऱ्यांना कुठलंसं पत्र आलं. ते म्हणाले, "वाच पोरी." मी वाचलं. चार माणसांसमोर, खणखणीत आवाजात वाचलं, कारण शाळेत आम्हाला तसंच शिकवलं होतं. माणसं म्हणाली, वा. ती माणसं गेल्यावर नवऱ्याने बैल हाकायची पराणी घेतली. पराणीच्या टोकाला लोखंडी आर असते, बैलाला टोचायला. ती माझ्या पाठीत गेली. बैल निदान पुढे पळू शकतो. मी चुलीसमोर होते.

हे मी माहेरी कुणालाच सांगितलं नाही. माय विचारायची, "काय व्हयनं माय?" मी म्हणायची, "काही नही." पाठ दिसू नये म्हणून मी उन्हाळ्यातसुद्धा दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसायची, न्हाणीत मायला येऊ द्यायची नाही. माय शेजारणींना कौतुकाने सांगायची, "देखा, सासरनं वळन कसं लागनं!"

मला सांगता का येत नव्हतं? रोज सकाळी ठरवायचे आणि रोज मायच्या हातातल्या कामाकडे पाहून गप्प व्हायचे. ती खुश होती. पोर शिकलेली, जावई जमीनजुमल्याचा, आणि धूर इथून दिसतो. एवढं सुख मोडायचं कसं?

तेव्हा शाळेतल्या बाईंनी माझं तोंड पाहून काहीतरी ओळखलं. बाई देशावरून बदलून आलेल्या होत्या. त्यांना आमची अहिराणी समजायची नाही आणि आमचं ऊन सोसायचं नाही, पण माणूस समजायचं. मला म्हणाल्या, "कमल, जे झालं ते लिहून काढ. कुणाला दाखवायचं नाही. लिहिलं की हलकं वाटतं." आणि एक कोरी वही दिली. पुण्याच्या शास्त्राला तेवढी साठ वर्षं उशीर झाला.

मी झोक्याच्या निंबाखाली, भिंतीला पाठ न टेकता बसून लिहायला लागले. तिथेच घोटाळा झाला. मला लिहिता यायचं ते पुस्तकी मराठीत. त्या भाषेत मी आजवर गायीवर, पावसाळ्यावर आणि वेळेच्या महत्त्वावर लिहिलं होतं. म्हणून मी वर शीर्षक दिलं, 'माझे सासर', खाली रेघ ओढली, आणि लिहिलं: "सासर हे प्रत्येक स्त्रीचे दुसरे घर असते. आमचे सासर नदीच्या पलीकडे आहे. तेथील हवा उत्तम आहे. माझ्या सासूबाई काटकसरी आहेत. माझे यजमान स्वभावाने किंचित उष्ण आहेत." पराणीची गोष्ट आली तेव्हा मी बराच वेळ टाक धरून बसले आणि लिहिलं, "संसारात लहानमोठे प्रसंग घडतच असतात." वाचून पाहिलं. माझं मलाच सासरी जाऊन राहावंसं वाटलं.

बाईंना दाखवायचं नव्हतं, तरी मी दाखवलं. सवय. बाईंनी सवयीनेच लाल शाई घेतली. खाली शेरा दिला, "अक्षर चांगले. वर्णनात जिवंतपणा हवा." मी मान डोलावली. पाठीत जिवंतपणा ठणकत होता, तो वहीत कसा आणायचा ते कळेना.

इकडे गावात भलतंच पसरलं. पोर रोज निंबाखाली बसून लिहिते, म्हणजे कुणाला लिहिते? आमच्याकडे लिहिणं म्हणजे पत्र, आणि लग्न झालेल्या बाईचं पत्र म्हणजे नवऱ्याला. माय दारात उभी राहून बायांना हाताने गप्प करायची, "हळू बोला. लिखू द्या तिले. जवाईले लिखी ऱ्हायनी." नाना शहाद्याच्या बाजारातून शाईच्या पुड्या घेऊन आले आणि माझ्याजवळ ठेवून गेले. एकीने तर मला बाजूला घेऊन सांगितलं की शेवटी बदामाचं चित्र काढायचं, तिच्या भावाच्या बायकोने काढलं होतं, तिला तीन पोरं झाली.

ही बातमी नदी ओलांडून सासरी गेली. पायी पाच मिनिटांचं अंतर, आणि बायको पत्र लिहिते म्हणून नवरदेव फुगले. टपालाची वाट पाहू लागले. आमच्या गावचं पत्र आधी शहाद्याला जाणार, तिथून फिरून त्यांच्या गावी येणार, एवढा सगळा हिशेब करून ते रोज पोस्टमनच्या सायकलीसमोर उभे राहायचे. पत्र काही येईना. तेव्हा त्यांनी सगळ्या गावासमोर टपाल खात्याला शिव्या दिल्या. सासूबाईंनी निरोप धाडला, "आखाजीना दुसराच दिन गाडी धाडतस. इतली आठवन करी ऱ्हायनी त बसाडी कितला दिन ठेवानी?"

मी वही मिटून बसले. माझ्याच हाताने लिहून मी माझी गाडी लवकर बोलावली होती.

मग आखाजीचा दिवस आला. सकाळी सालदाराचा गूळ झाला, दुपारी पोळ्या झाल्या, आणि ऊन कलल्यावर बायापोरी गौराई घेऊन नदीवर निघाल्या. आमच्याकडे गौराई पाण्याला पोचवली की मग बार असतो. बार म्हणजे भांडण. आमच्या गावच्या लेकी अल्याडच्या वाळूत उभ्या, त्यांच्या गावच्या लेकी पल्याडच्या वाळूत उभ्या, मध्ये पाण्याची चिंधी, आणि एकमेकींना शिव्या. मनापासून, हातवारे करून, कमरेला पदर खोचून. शेवटी थोडे खडे पाण्यात फेकायचे आणि घरी जायचं. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नसतं. ते सगळे बांधाआड लपून ऐकतात.

आमच्या बाजूचं पुढारपण भुरीआत्याकडे असायचं. ही नानांची थोरली बहीण. दात उरले नव्हते, पण शिवी स्पष्ट उमटायची. नव्या पोरींना ती आधी नियम सांगायची. "बारमा बोललं ते बारमाच ऱ्हास. घर नेवानं नही. कोनी राग धरानं नही." हा नियम दोन्ही गावं देवासारखा पाळायची.

मी मागे उभी होते. समोर पाहिलं तर पल्याडच्या पोरींत पुढेच माझी नणंद, इंदू. साहजिकच होतं. तीही आखाजीला तिच्या माहेरी आलेली. तिचं माहेर म्हणजे माझं सासर.

सुरुवात त्यांनी केली. "तुमना गावना नवरदेव घोडावर बठस, नि घोडा लाजस!" आत्याने ताबडतोब परत केलं, "तुमन्या भाकरी देखीसन कावळा येतस, सोयरा शे म्हनीसन!" दोन्ही काठ हसले. बांधाआडून कुणीतरी खोकला दाबला. असं बराच वेळ चाललं. मग इंदूची नजर माझ्यावर गेली. तिने हात लांब केला.

"ती देखा आमनी वहिनी! रोज कागद लिखस, नि एकबी पोचस नही! काय लिखस व माय? कागदलेबी लाज वाटस का?"

सगळ्या हसल्या. आमच्या बाजूच्याही हसल्या. आणि मला काय झालं कळलं नाही, मी पुढे आले, पाण्यात घोट्यापर्यंत उतरले, पदर कमरेला खोचला, आणि माझा तो खणखणीत आवाज लागला.

"आयक मंग काय लिखस ते! तुन्हा भाऊ सातवीमा तीनदाव नापास व्हयना, नि मी एक दाव पास व्हयनू, हाऊच मन्हा गुन्हा!"

पल्याड हशा पिकला. त्यांना ती बारातली शिवी वाटली, आणि शिवी झक्क होती.

"तुन्ही माय ताकना डेरालेबी कुलूप लावस!"

आणखी हशा. माझ्या बाजूच्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. भुरीआत्या म्हणाली, "वा व पोर!" त्या टाळ्यांत मी पुढचं बोलून गेले.

"सासरानी सांगं म्हनीसन मी पत्तर वाचं, त तुन्हा भाऊनी मन्हा पाठमा परानी खुपसी! आर लागनी! रगत उनं!"

टाळ्या थांबल्या. इंदूचा हात हवेत होता तो तसाच राहिला. बारात असं गप्प कधी कुणी होत नाही, त्यामुळे पुढे काय करायचं ते आत्यालाही माहीत नव्हतं. नदीचं पाणी माझ्या पायांवरून चाललं होतं आणि छाती मोकळी झाली होती. वहीच्या एवढ्या पानांत जे जमलं नव्हतं ते तीन वाक्यांत झालं होतं. माझं सगळं आत्मचरित्र तेवढंच होतं.

मग इंदू बोलली. आवाज शिवीचाच होता, पण डोळे भरलेले. "मन्ही सासू त चूल्हालेबी कुलूप लावस!"

आमच्या बाजूची एक पोर ओरडली, "मन्हा नवरा बैलले मारस नही, माले मारस!" पल्याडून दुसरी ओरडली. मग तिसरी. कोण कुणाला शिव्या देतंय याचा पत्ता राहिला नाही. दोन्ही गावं विसरून सगळ्या आपापल्या सासरांना झोडपत होत्या. बांधाआडच्या पुरुषांना एकाएकी आठवलं की बैलांना पाणी दाखवायचं राहिलंय. एकेक डोकं खाली वाकून पसार झालं. गर्दीत मागे उभी असलेली माझी माय पुढे आली. तिने वाळूतून एक चांगला मोठा धोंडा उचलला आणि पल्याड भिरकावला. मायला आयुष्यात कुरडयांवरचा कावळासुद्धा कधी मारता आला नव्हता. धोंडा पुढ्यातच पाण्यात पडला आणि भुरीआत्या नखशिखांत भिजली.

घरी आल्यावर मायने चुलीवर पाणी तापवलं, मला न्हाणीत नेलं, पदर स्वतःच्या हाताने काढला आणि माझी पाठ चोळली. जिथे वण होता तिथे तिचा हात बराच वेळ थांबला. मी रडले. ती रडली नाही, पाणी फार गरम झालं म्हणून पाण्याला शिव्या देत राहिली.

दुसऱ्या दिवशी गाडी आलीच. बैलांची शिंगं रंगवलेली, आणि आत माझे चुलतसासरे, नवीन छत्री घेऊन. नवरदेव आले नव्हते. त्यांना म्हणे ताप होता. मायने पाहुण्यांना पाट मांडला, पुरणपोळी वाढली, तूप वाढलं, रस वाढला. त्यात काही कमी केलं नाही. पाहुणा तो पाहुणा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि ते एकेक पोळी संपवत होते तशी मी उरलेल्या पोळ्या मोजत होते.

हात धुऊन ते म्हणाले, "चला, धाडा आते पोरले."

माय तुपाची वाटी हातात धरून तिथेच उभी राहिली. पाहुण्यांना कालचं सगळं कळलेलं होतं, ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. मिशी पुसून ते शांतपणे म्हणाले, "काल नदीवर काय काय बोलनं व्हयनं, ते माले माहीत शे. पन बारमा बोललं ते बारमाच ऱ्हास. नेम शे. आम्ही राग धरा नही, तुम्हीबी धरू नका."

भुरीआत्या ओसरीवर बसली होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. नियम तिचाच होता. नाना जमिनीकडे पाहत होते. मी सगळं बोलले होते, पण एकाच अशा जागी बोलले होते जिथलं काहीच धरायचं नसतं.

मायने तुपाची वाटी खाली ठेवली. व्याह्यांना म्हणाली, "बरोबर शे, याही. शब्द बारना व्हतात. ते तठेच ऱ्हायनात. वण बारना नही. तो पोरना आंगवर घर उना."

चुलतसासऱ्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग ते नानांकडे वळले. "नाना, बायासनं सोडा. तुम्ही सांगा."

आमच्या नानांना असल्या प्रसंगी काय बोलावं ते येत नव्हतं. त्यांना माणसाला विचारायची एकच रीत माहीत होती. ते उठले, देवळीतला कालचा उरलेला गूळ घेतला, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्याकडे नीट पाहायलाही त्यांना जमत नव्हतं.

"ऱ्हास का?" नानांनी विचारलं.

"ऱ्हास," मी म्हटलं.

नानांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मग पाहुण्याला सोडून एकटीला गूळ कसा द्यायचा म्हणून एक खडा चुलतसासऱ्यांच्या हातावरही ठेवला. त्या बिचाऱ्यांनी तो खाल्ला. मायने त्यांच्या घरच्यांसाठी पोळ्या बांधून दिल्या, बैलांना पेंड दिली, आणि रिकामी गाडी नदीच्या वाळूतून सासरच्या धुराकडे गेली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत झोक्यावर बसले होते.

पुढे मी मास्तरीण झाले, मोलगीकडच्या डोंगरात नोकरी केली, पोरांना गायीवर निबंध लिहायला लावले आणि "वर्णनात जिवंतपणा हवा" असे शेरे दिले. प्रत्येक आखाजीला मात्र घरी यायचे. नाना सालदाराला विचारायचे, मी खांबाजवळ उभी असायचे. मला त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, पण सालदाराचं झालं की माझ्याकडे न पाहताच गुळाचा खडा पुढे करायचे.

नात परवा विचारत होती, लिहायला घेतलं का, आणि मन मोकळं झालं का. घेतलंय. मन तर त्याच दिवशी मोकळं झालं होतं. सालदाराचं साल वर्षाने भरतं. माझं अजून भरलेलं नाही.